कोरड्या सालातली मुलगी

स्वीडनच्या इतिहासातलं मला एकच साल नीट येतं, १८६८. त्याच्या आधीचं थोडंफार येतं, नंतरचं अगदीच कामापुरतं. तेव्हा गादीवर कोण राजा होता हे मला आजही पटकन आठवत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही. सहा वर्षं मिनेसोटात राहून मी पीएच.डी. केली ती त्या एका सालावर. त्या सालाबद्दल विचारा, मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याच्या हिशोबाने सांगते.

माझ्या वडिलांना याची फार गंमत वाटायची. ते मूळचे बीड जिल्ह्यातले, पुढे औरंगाबादला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले. बहात्तरच्या दुष्काळात ते अकरा वर्षांचे होते आणि आई-बापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. "दुष्काळच पाहिजे होता तर इतक्या लांब कशाला मरायला गेलीस? घरी बसली असतीस, मीच सांगितला असता फुकटात," असं ते फोनवर म्हणायचे. त्या वर्षी त्यांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली होती, आणि तिची भाकरी थापताना कशी फुटायची हे त्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं. "अमेरिकेचं अन्न अंगी लागलं म्हणूनच पोरगी तिकडं पळाली," हा त्यांचा आवडता विनोद होता, आणि तो ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे.

पण थट्टा संपली की ते खोदून खोदून विचारायचे. स्वीडनच्या लोकांकडे सलग तीन वर्षं वाईट आली. सदुसष्ट साल ओलं, पीक कुजलं. अडुसष्ट कोरडं, मे ते सप्टेंबर पाऊस नाही. एकोणसत्तर साली रोगराई आणि भिकारी. म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी त्या तीन सालांची नावंच ओलं, कोरडं आणि कठीण अशी राहिली. अडुसष्टला राय नावाचं त्यांचं धान्य वितभर वाढलं आणि उभ्या उभ्या जळालं. चारा नाही म्हणून गुरं कापली, आणि माणसांनी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळली. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरांची पोटं फुगत असतील गं." खरोखर फुगत होती. ते मला सरकारी अहवालांत दोन महिने शोधल्यावर सापडलं होतं, आणि या माणसाने ते खुर्चीत बसून सांगितलं. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

मी राहायचे एका म्हातारीच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. म्हातारी अठ्ठ्याऐंशीची. सगळा जन्म तिने एका शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करण्यात घालवला होता आणि त्यामुळे कुणीही ताटात काही टाकलं की तिचं डोकं फिरायचं. तिचे पूर्वज स्वीडनचे, पण तिला स्वतःला त्या भाषेतली जेवणाआधीची एक प्रार्थना आणि दोन शिव्या एवढंच येत होतं. मी औरंगाबादहून येऊन तिच्या पणजोबांची भाषा वाचते याचं तिला भारी कौतुक. शेजारणीला ती सांगायची, "वरच्या मुलीला आमचं सगळं येतं, फक्त आमचं खाणं आवडत नाही." माझ्या वरणाला ती पिवळं सूप म्हणायची आणि दोन वाट्या प्यायची.

माझा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, एप्रिलमध्ये होता, एका मंगळवारी सकाळी दहाला. त्याच्या आधीचे दोन आठवडे मी माणसात नव्हते. रोज घरी फोन मात्र करायचे, पाच मिनिटं. बाबा कुठे आहेत विचारलं की आई म्हणायची, झोपलेत. दुसऱ्या दिवशी, फिरायला गेलेत. तिसऱ्या दिवशी, त्यांचा मोबाईल बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. अमेरिकेतच, खाली दक्षिणेला अर्विंगला माझी एक मावशी राहते, आईची चुलत बहीण. एरवी सणासुदीलाच फोन करणारी बाई त्या दोन आठवड्यांत रोज फोन करायला लागली. थंडी गेली का तुमच्याकडची, जेवतेस ना वेळेवर, आमच्याकडे ग्रोसरीत गवार आली बघ छान कोवळी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी कळलंही असेल, पण मला डिफेन्स द्यायचा होता, म्हणून मी गवारीवर बोलत राहिले.

मंगळवारी साडेबाराला मी बाहेर आले. हातात कुणीतरी फुलं दिली होती. एक वाजता मावशीचा फोन आला. तिने आधी विचारलं, "झालं का? पास ना?" मी हो म्हटलं. मग ती रडायला लागली. बाबा बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, न्यूमोनिया झाला होता, आणि शनिवारी गेले होते. अंत्यसंस्कार रविवारीच उरकले होते. मी सोमवारी ज्या आईशी बोलले होते, जिने मला "शांतपणे दे गं परीक्षा" म्हटलं होतं, ती घरात माणसं भरलेली असताना मोरीत जाऊन बोलत होती.

आपल्याकडे हे नवीन नाही, हे मला ठाऊक आहे. परदेशात असलेल्या पोराला सांगायचं नाही, त्याचा पेपर होऊ दे, त्याचा व्हिसा होऊ दे, तिचं बाळंतपण पार पडू दे. माझ्या ओळखीत अशी चार घरं आहेत. सगळे जण प्रेमानेच करतात. ज्याच्यावर वेळ येते तो आयुष्यभर दातओठ खातो आणि नातेवाईक म्हणतात, अगं पण तुझ्याच भल्यासाठी ना.

त्या दुपारी म्हातारी स्वयंपाकघरात होती. मी तिला सांगितलं. तिने गॅस बंद केला, ॲप्रन काढला आणि माझ्यासमोर बसली. ती संतापली होती. इतकी की मला क्षणभर वाटलं, मीच काही केलंय. "त्यांना कुणी हक्क दिला?" ती म्हणाली. "तुझा बाप होता. रडायचं कधी ते तू ठरवायचं." मग माझा हात धरून, आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, माझ्या बाबतीत असलं कधी करू नकोस. मला सगळं तोंडावर सांगायचं." मी हुंदके देत हो म्हटलं.

दोन दिवसांनी मी विमानात बसले. पोचले ते बाबांच्या जलदान विधीला. बुद्धवंदना झाली, फोटोला हार होता, लोक माझ्या डॉक्टर होण्याचं अभिनंदन करत होते आणि त्याच दमात सांत्वनही. आईशी मी तीन आठवड्यांत धड तीन वाक्यं बोलले नाही. ती ताट वाढायची, मी जेवायचे. निघताना तिने डबा दिला तोही मी टेबलावर ठेवून आले. हे आठवलं की आज मला माझीच शिसारी येते, पण तेव्हा मला वाटत होतं की मी बरोबर आहे.

परत आल्यावर एका लहानशा संग्रहालयात जुने कागद स्कॅन करण्याची नोकरी मिळाली. राहायला तिथेच राहिले, म्हातारीकडे. ऑगस्ट संपता संपता एका रविवारी ती एक कागद घेऊन वर आली. जिना चढायला तिला दहा मिनिटं लागली असतील. कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता.

तो तिच्या पणजोबांचा गाव सोडल्याचा दाखला होता. त्या काळी स्वीडनमध्ये पाद्र्याच्या दाखल्याशिवाय गाव सोडता येत नसे, कारण सगळ्या माणसांची नोंद पाद्र्याकडेच. दर वर्षी तो वाडी-वस्तीवर जायचा, एका घरात सगळ्यांना बोलवायचा आणि एकेकाला धर्माचं पुस्तक वाचायला लावायचा. कोण किती वाचतो, कोणाला देवीची लस टोचलीय, कोण कुठे कामाला गेला, कोण मेलं, हे सगळं एका मोठ्या वहीत माणसामागे एक ओळ असं लिहायचा. बाबांना हे मी सांगितलं होतं तेव्हा ते खूश झाले होते. "म्हणजे आमच्यासारखेच मास्तर की ते. फक्त आमची पोरं पळून जायची, त्यांची म्हातारी माणसं पळत असतील."

दाखल्यावर नवरा, बायको आणि दोन मुलगे. साल १८६८, जून महिना, उत्तर अमेरिकेला. म्हातारी म्हणाली, "यात एक मुलगी नाहीये." सात वर्षांची. निघायच्या वेळेला तिला गोवर आला होता आणि अंगावर पुरळ असलेल्या पोराला जहाजावर घेत नसत. तिकिटं काढलेली होती, घर सोडलेलं होतं. पणजीच्या पोटात तेव्हा म्हातारीची आजी होती, ती पुढच्या जानेवारीत मिनेसोटातच जन्मली. मुलीला आत्याकडे ठेवलं, पुढच्या वर्षी बोलावून घेऊ म्हणून. पुढे घरात सांगत आले ते असं की ती आत्याकडेच वाढली, तिकडेच लग्न केलं, शेत होतं, मुलं-बाळं झाली, मग पत्रं थांबली.

"मला तिचं नाव वाचून घ्यायचंय," म्हातारी म्हणाली. त्यांच्या चर्चमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला देतात. घरातल्या सगळ्यांची नावं कधी ना कधी तिथे वाचली गेली होती. या एका मुलीचं नाव दीडशे वर्षांत कुठल्याच घंटेबरोबर कुणी घेतलं नव्हतं. मी म्हटलं, मग द्या ना नाव, त्याला काय. तिने मान हलवली. "अर्धवट नाही. कुठे गेली, कधी गेली, हे कळल्याशिवाय नाही. तू शोध. मला यंदाच पाहिजे." यंदाच का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचे पाय तोवर घोट्याच्या वर सुजायला लागले होते.

त्या वह्यांचे फोटो आता इंटरनेटवर मिळतात. संध्याकाळी कामावरून आले की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचे आणि म्हातारी समोर कॉफी घेऊन. तिला ती भाषा वाचता येत नसे, पण ती पानं बघत राहायची. गाव सापडायला तीन आठवडे लागले, कारण त्या नावाची दोन गावं होती आणि मी शहाणीसारखी आधी चुकीचं धरून बसले. मग एका संध्याकाळी ते पान उघडलं. नवरा, बायको, दोन मुलगे, चारही ओळींवर रेघ आणि पुढे अमेरिका. खाली पाचवी ओळ, तिच्यावर रेघ नाही. मुलीचं नाव, जन्मतारीख, लस टोचलेली. वाचनाच्या रकान्यात पाद्र्याने खूण केली होती की हिला वाचता येऊ लागलंय.

म्हातारीने ती ओळ बोटाने पडद्यावर दाबून धरली. मी तिला सांगितलं, आता पुढचं पान शोधायचं, ती आत्याकडे गेल्याची नोंद इथे आहे. ती म्हणाली, "वाचायला येत होतं तिला." त्या आठवड्यात तिने हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, टपालवाल्यालासुद्धा.

ऑक्टोबरच्या मध्यावर म्हातारीला श्वास लागला. हार्टचं दुखणं होतं. तिची मुलगी गावाबाहेर राहायची, ती धावत आली आणि आम्ही तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. आठ दिवस ती तिथे होती. आणि त्या आठ दिवसांत, रिकाम्या घरात, मला ती मुलगी सापडली.

आत्या होती. आत्याचं घर होतं. पण त्या कोरड्या उन्हाळ्यात आत्याच्या नवऱ्याला जमीन सोडावी लागली, आणि ऑगस्टमध्ये ते दोघं कामाच्या शोधात दुसऱ्या प्रांतात गेले. त्यांच्या ओळींवर रेघा आहेत. मुलीच्या ओळीसमोर दुसऱ्या पानाचा नंबर. ते पान एका मोठ्या शेतघराचं. घरमालक, त्याची बायको, मुलं, गडी, मोलकरणी, आणि सगळ्यात खाली गावाच्या दयेवरची म्हणून ही मुलगी. तिकडे तेव्हा अशा पोरांना गावच्या सभेत उभं करायचे आणि जो सगळ्यात कमी पैशांत सांभाळायला तयार होईल त्याच्या हवाली करायचे. माझ्या प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यावर मला शाबासकीही मिळाली होती.

मुलीच्या ओळीत शेवटी एक फुली होती. मृत्यूच्या वहीत ऑक्टोबर १८६८. वय सात वर्षं, कारण आव. ठिकाणाच्या जागी त्या शेतघराचं नाव नव्हतं. पाद्र्याने लिहिलं होतं, रस्त्यावर. पुढे रस्त्याचं वर्णन होतं, कुठल्या गावापासून कुठल्या गावाच्या वाटेवर, कारण प्रेत दुसऱ्याच पाद्र्याच्या हद्दीत सापडलं होतं. मी नकाशा काढून बघितला. तो रस्ता पश्चिमेला जात होता, बंदराच्या दिशेने. त्या वर्षी शेकडो पोरं भीक मागत रस्त्यांवर फिरत होती, ती त्यांच्यातलीच एक असेल. तिला कुणी हाकललं होतं, की आई-बाप गेले त्या वाटेने ती निघाली होती, हे पाद्र्याने लिहिलेलं नाही आणि मी कोण ठरवणार.

मी ते सगळं एका कागदावर उतरवलं. नाव, तारीख, ठिकाण. कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मला एकदम बाबांना फोन करावासा वाटला. सवयच होती ती. असलं काही सापडलं की त्यांनाच सांगायचं.

म्हातारी घरी आली ती व्हीलचेअरवर. नाकाशी नळी, आवाज अर्धा झालेला. नर्सने जाताना सांगितलं, त्यांना शांत राहू द्या. म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सापडली?"

मी म्हटलं, "अजून नाही. पानं बघायची आहेत अजून."

इतक्या सहज म्हटलं. कुणी मला शिकवलं नव्हतं. मला वाटलं, दोन दिवस जाऊ देत, जरा ताकद येऊ दे. तिच्या डोक्यात शेतातली, मुला-बाळांची एक बाई होती, आणि मी तिला कुठे त्या रस्त्यावर घेऊन जाऊ? दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा वेबसाइट बंद होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी पान फाटलेलं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मी स्वीडनला कुणाला तरी ईमेल केला होता आणि उत्तराची वाट बघत होते. झोपलेत, फिरायला गेलेत, मोबाईल दुरुस्तीला दिलाय. मला माझं ऐकू येत नव्हतं असं नाही. ऐकू येत होतं आणि तरीही मी बोलत होते. हिचं वेगळं आहे, ही आजारी आहे, अशी मी माझी समजूत घालत होते. आईनेही अशीच घातली असणार.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. म्हातारीने हट्टच धरला, चर्चला जायचंच. तिची मुलगी गाडी चालवत होती, मी मागे बसले होते. आत गेल्यावर म्हातारीने मला शेजारी बसवून घेतलं. नावं सुरू झाली. एक नाव, एक टोला. मग थोडी शांतता, मग पुढचं नाव. माझी पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये तो कागद होता. पाद्रीणबाई समोर पाच पावलांवर उभी होती. एवढंच करायचं होतं, उठायचं आणि कागद द्यायचा. शेवटच्या टोल्याचा आवाज विरेपर्यंत मी बसून राहिले.

तेव्हा म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला वाटलं, मला वाईट वाटतंय, काम झालं नाही म्हणून. ती पुटपुटली, "जाऊ दे. पुढच्या वर्षी." आणि मला थोपटलं.

त्यानंतर सांगणं आणखीच अवघड झालं. आता सांगितलं तर ती विचारणार, कधी सापडलं? खोटं बोलायला एक वाक्य पुरतं, पण ते उसवायला बसलं की धागा संपत नाही. नाताळ गेला. म्हातारी आता फार विचारायची नाही, फक्त संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला की मान वर करून बघायची. जानेवारीत, दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. मी कामावर होते.

सगळं उरकल्यावर आठवड्याभराने तिची मुलगी घर आवरायला आली. मी तिला मदत करत होते. कपबशा कागदात गुंडाळत असताना ती सहज म्हणाली, "आई शोधत होती त्या मुलीचं काहीच सापडलं नाही ना शेवटी?" माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली, आणि पर्समधून तो कागद काढून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, ऑक्टोबरमध्येच सापडलं होतं. सगळं सांगितलं, रस्त्यापर्यंत.

ती बराच वेळ वाचत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ती लहानपणीच गेली हे आईला माहीतच होतं." मी विचारलं, कसं काय? "तुला माहीत नाही? माझ्या पणजीचं नाव तेच होतं. जी इथे आल्यावर जन्मली ना, तिचं. आमच्या लोकांत आधीचं मूल गेल्याशिवाय तेच नाव दुसऱ्या मुलाला ठेवत नव्हते. आई-बापांना पत्र आलेलं असणार तेव्हाच. पोरांना त्यांनी शेताची गोष्ट सांगितली, झालं. आईने हे कधीच ओळखलं होतं. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं की ती मुलगी कुणाच्या घरात गेली की कशी. ती म्हणायची, कुणी नव्हतं जवळ तर निदान मला कळू दे, मी तरी तिच्यासाठी बसेन."

मी स्वीडनच्या त्या एका सालाची डॉक्टर. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देतात हे मी प्रबंधाच्या तळटिपेत लिहिलं होतं. आणि सहा वर्षं जिच्या घरात राहिले तिच्या आजीचं नाव काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. ती तिला नेहमी ग्रँडमाच म्हणायची, मलाही तेवढं पुरत होतं.

म्हातारीची मुलगी म्हणाली, ठीक आहे, पुढच्या नोव्हेंबरला आईचं आणि हिचं, दोघींची नावं एकदमच वाचून घेऊ. तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही पुन्हा कपबशा गुंडाळायला लागलो.

त्या रविवारी सकाळी मी आईला फोन केला. आमचं बोलणं तोवर सुरू झालं होतं, पण तब्येत, हवा, जेवण एवढंच. "काय करायलीस?" तिने विचारलं. मी तिला हे सगळं सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. बाबा नव्हते म्हणून असेल. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलंस, नाही सांगितलंस ते. आजारी माणसाच्या जिवाला कशाला घोर?"

मी फोनवर ओरडले. जे दहा महिने बोलले नव्हते ते सगळं बोलले. की मी बरं केलेलं नाही, तुम्हीही केलेलं नव्हतं, की बारा दिवस होते, मी चार वेळा येऊन गेले असते, की निदान फोन त्यांच्या कानाला लावायचा होतात. मी थांबल्यावर आईच्या रडण्याचा आवाज आला.

"ते विचारायचे गं," ती म्हणाली. "रोज विचारायचे, पोरीला कळवलं का, येतेय का. मी काय सांगणार? नाही कळवलं म्हटलं असतं तर फोन हिसकावून घेतला असता त्यांनी. मग मी म्हटलं, कळवलंय. पण परीक्षा आहे, ती टाकून यायला जमणार नाही म्हणाली."

मी विचारलं, मग बाबा काय म्हणाले.

"म्हणाले, बरोबर आहे तिचं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्याच्यानंतर नाही विचारलं त्यांनी परत."

मी विचारलं, हे कधी.

आई म्हणाली, "गुरुवारी." बाबा शनिवारी गेले.